‘ते’चा ‘तो’

रात्री पावणेदोनला फोन येतो.
मी कोट चढवते, ओळखपत्र गळ्यात घालते,
ट्रेंट नदीचा पूल ओलांडते.
नॉटिंगहॅमच्या पोलिसांनी पोर धरून आणलं
आणि त्याचं आपलं कुणी येऊ शकलं नाही
तर कायद्याला शेजारच्या खुर्चीत
एक मोठं माणूस लागतं.
ते मी.
दिवसा चष्म्याच्या दुकानात मी लोकांचे नंबर काढते.

मार्चमध्ये फिन्ली होता. वय तेरा.
कुलूप तोडून सायकल नेली, कालव्याकाठी सापडला.
हवालदार म्हणाला, ‘घाबरलंय हो, पोरच आहे.’
फिन्लीनं नाक ओढत सगळं सांगून टाकलं,
कारण त्याच्या घरी सांगून टाकलं की प्रकरण संपतं.
इथंही संपलं. माफीचं एक पत्र लिहायचं ठरलं.
‘मनःपूर्वक’चं स्पेलिंग त्यानं मला विचारलं.

आज केमार. वय तेरा.
कालवा तोच.
सायकल मात्र जुनी, मागचं चाक वाकडं.
कागदावर: इसम. उंची पाच फूट आठ. बांधा दणकट.
वर्तन: असहकार.

कागदावर नाही ते असं:
बुटांच्या नाड्या काढून घेतल्यात,
म्हणून चालताना पायाची बोटं आवळून धरावी लागतात त्याला.
दातांवर तार. तारेला हिरवी रबरं.
प्रत्येक प्रश्नाआधी जीभ त्या रबरांवरून एकदा फिरते,
मोजून घेते, आहेत ना सगळी.

वकीलबाई म्हणाल्या, गप्प राहा.
थोरल्या भावानं ते फार आधीच शिकवलेलं.
म्हणून दर प्रश्नाला एकच उत्तर: काही सांगायचं नाही.
आणि जो कबूल करत नाही
त्याला माफीचं पत्र लिहिता येत नाही.
त्याला कोर्टाची तारीख मिळते.
नियम दोघांना एकच, सार्जंट म्हणतो,
आणि मनापासून म्हणतो. वाईट नाही माणूस,
मला चहा त्यानंच आणून दिला.

आमच्या भाषेत मूल ‘ते’ असतं.
पोर, लेकरू, बाळ, अगदी कार्टंसुद्धा:
ते पडलं, ते रडलं, ते झोपलं.
व्याकरणानं दिलेली एवढीशी सवलत.
मग कधीतरी, मिसरूड फुटताना,
कुणाच्या लक्षात न येता ‘ते’चा ‘तो’ होतो.
फिन्लीचा अजून व्हायचाय.
केमारचा कुणी केला,
रॅडफर्डच्या कुठल्या कोपऱ्यावर, कितव्या झडतीत,
त्याच्या आईला न विचारता?

माझा बाप सोलापुरात तारेच्या आत जन्मला.
सेटलमेंट म्हणत. शब्द इथूनच गेलेला,
कायदाही इथल्याच साहेबांचा:
जात लिहिली की गुन्हा वेगळा लिहावा लागत नसे.
आजा दिवसातून तीनदा हजेरी द्यायचा.
म्हणायचा, हो म्हटलं तरी फटका, नाही म्हटलं तरी फटका,
मग तोंड कशाला उष्टं करायचं?

हे मी इथं बोलत नाही.
माझ्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.
रकाना एवढाच: मुलाला प्रश्न समजले का?

तरी मी म्हणते,
‘सार्जंट, इसम खोडा. तिथं मूल हवं.’
तो स्क्रीन माझ्याकडं वळवतो,
खरंच दिलगीर दिसतो.
‘हे बघा, मशीन यादी देतं. त्यातलं एक निवडायचं.
एकदा निवडलं की सकाळपर्यंत बदलत नाही.’

पाच वाजून दहा मिनिटं.
केमार माझी बाही ओढतं.
रात्रभरात पहिल्यांदा ते आपणहून बोलतं, हळूच,
भिंतीला ऐकू जाऊ नये असं:

‘गुरुवारपर्यंत सोडतील ना?
दातवालीकडं जायचंय, तार घट्ट करायला.
या वेळी चुकली
तर आई मारेल मला.’